साठ हजारांच्या पुडीवर केवढा भार?

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, हा ड जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा आजार आहे. ती कमतरता मोठ्या मात्रेने भरून काढली की आजार थांबतो आणि महागड्या इंजेक्शनांची गरज उरत नाही, असा एक दावा गेली काही वर्षं आपल्या घरांमध्ये फिरतो आहे. परदेशी डॉक्टरच्या भाषणाची चित्रफीत म्हणून तो फोनवर येतो. ‘आमच्या ओळखीतली मुलगी व्हीलचेअरवरून उठली’ अशा हकिकतीतून येतो. निदान झालेल्या मुलीच्या आईवडिलांना धीर द्यायला आलेले नातेवाईक तो अगदी मायेने सांगतात. सांगणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. दावा मात्र चुकीचा आहे, आणि त्याची किंमत विशी-तिशीतली माणसं आपल्या दृष्टीने, पायांनी आणि मूत्रपिंडांनी मोजतात.

प्रतिवाद अवघड आहे तो अशासाठी, की या दाव्याचा अर्धा भाग पोकळ नाही. ‘ते सगळं थोतांड, विसरा’ असं म्हणून जे डॉक्टर दोन मिनिटांत रुग्णाला वाटेला लावतात, तेही शास्त्राला धरून बोलत नसतात. अशा तुटक उत्तरामुळेच कितीतरी कुटुंबं दवाखान्यातून उठून थेट त्या चित्रफितीकडे जातात. म्हणून त्या बाजूचं जे खरं आहे, ते आधी पूर्ण मांडतो.

एमएसमध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणा मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या नसांमधल्या मायलिनच्या आवरणावर हल्ला चढवते. एक डोळा अचानक अंधुक होतो, पाय बधिर पडतात, लघवीवरचा ताबा सुटतो. पॅरिसमध्ये शार्को यांनी १८६८ साली या आजाराचं नीट वर्णन केलं. विसाव्या शतकात आजाराचे नकाशे तयार झाले तेव्हा विषुववृत्तापासून दूर जावं तसं त्याचं प्रमाण वाढतं असं दिसलं. १९६० साली डोनाल्ड ॲचिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या नोंदी पाहून सूर्यप्रकाशाकडे बोट दाखवलं. १९७४ साली पॉल गोल्डबर्ग यांनी उन्हापासून त्वचेत तयार होणाऱ्या ड जीवनसत्त्वाचं नाव घेतलं. तोवर हा सगळा तर्कच होता.

एमएसच्या रुग्णांच्या रक्तात ड जीवनसत्त्व कमी सापडतं, एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. उष्णतेने एमएसची लक्षणं बळावतात. उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने ही गोष्ट १८९० मध्येच नोंदवली होती. नागपूर-अकोल्याच्या उन्हाळ्यात एमएस झालेला माणूस दुपारी घराबाहेर पाय ठेवत नाही, कारण उन्हातून आलं की नजर अंधारते आणि पाय लटपटतात. थकव्यामुळे तो एरवीही घरातच असतो. मग त्याच्या रक्तातलं ड जीवनसत्त्व आजारामुळे कमी झालं, की ते कमी होतं म्हणून आजार झाला? याचं उत्तर आजार होण्यापूर्वीच्या रक्तातच मिळू शकतं.

ते रक्त अमेरिकी सैन्याकडे होतं. सत्तर लाखांहून अधिक सैनिकांचे नमुने तिथे गोठवून ठेवले होते. हार्वर्डच्या कॅसांड्रा मंगर आणि अल्बर्टो ॲशेरिओ यांच्या गटाने त्यांतले, पुढे एमएस झालेल्या २५७ जणांचे, आजाराआधीचे नमुने तपासले आणि २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. गोऱ्या सैनिकांमध्ये ज्यांची ड जीवनसत्त्वाची पातळी सर्वांत वरच्या पाचव्या हिश्शात होती, त्यांना तळाच्या हिश्शातल्यांपेक्षा एमएसचा धोका ६२ टक्क्यांनी कमी होता. पुढे २०१५ मध्ये ब्रेंट रिचर्ड्स यांच्या माँट्रियलच्या गटाने जनुकांच्या वाटेने हाच प्रश्न तपासला. काही माणसांमध्ये जन्मजात असे जनुकीय फरक असतात की त्यांची ड जीवनसत्त्वाची पातळी आयुष्यभर जराशी कमी राहते. हे फरक आहारावर, वजनावर किंवा उन्हात जाण्या-न जाण्यावर अवलंबून नसतात. एमएस झालेले १४,४९८ आणि न झालेले २४,०९१ लोक तपासल्यावर दिसलं, की अशी कमी पातळी घेऊन जन्मलेल्यांमध्ये एमएसचं प्रमाण जास्त आहे. मला स्वतःला हा पुरावा सर्वांत वजनदार वाटतो. ड जीवनसत्त्वाचा एमएसशी कारणाचा काहीतरी संबंध असावा, हे मी त्यावरून मान्य करतो.

गडबड यापुढे सुरू होते. ‘धोका वाढवणाऱ्या अनेक गोष्टींपैकी एक’ या जागेवरून ‘हाच तो आजार’ या जागेवर एक उडी आहे. ‘आजार होण्यापूर्वी कमी असणं’ इथून ‘झाल्यावर भरून काढणं’ इथपर्यंत दुसरी. आणि ‘भरून काढणं’ इथून ‘कितीही पट देणं’ इथपर्यंत तिसरी. चित्रफितीतला वक्ता या तिन्ही उड्या एका श्वासात मारतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की हार्वर्डचा पुरावा शेवटच्या उडीपर्यंत पोचला आहे. तो पहिल्या उडीआधीच थांबलेला आहे.

ड जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा खरा आजार कसा असतो, हे आपल्या आज्या-पणज्यांना माहीत होतं. तो मुडदूस. हाडं वाकतात, ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम दिलं की आजार हटतो, आणि जिथे कमतरता दाट तिथे मुडदूसही दाट. एमएसला ही कसोटी लावायची असेल तर आपल्या देशाइतकी चांगली जागा नाही. भारतीयांच्या रक्तात ड जीवनसत्त्व किती कमी आहे हे दिल्लीतल्या अभ्यासाने २००० सालीच दाखवलं होतं: धडधाकट डॉक्टर-परिचारिका, गरोदर स्त्रिया, नवजात बाळं, सगळ्यांत ते कमी, उन्हात वावरणारे जवान तेवढे बरे. त्यानंतर पुण्यासह देशभर हेच चित्र पुनःपुन्हा समोर आलं. एमएस ही निव्वळ ड जीवनसत्त्वाची कमतरता असती, तर तिची जागतिक राजधानी भारतात असायला हवी होती. प्रत्यक्षात स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांवर हे प्रमाण लाखामागे ४०० च्या घरात आहे, आणि मंगळुरूतल्या नोंदणीत ते लाखामागे सुमारे ८ आढळलं. आपल्याकडे निदान कमी होतं, एमआरआय सगळीकडे नाही, हे सगळं धरूनही एवढी दरी भरून निघत नाही.

आणि पारशी समाजाचं काय? मुंबईचे न्यूरॉलॉजिस्ट नोशीर वाडिया यांनी १९९० साली दाखवून दिलं, की भारतातल्या पारश्यांमध्ये एमएस इतर भारतीयांच्या मानाने कितीतरी अधिक आढळतो. दादर पारसी कॉलनीवर पडणारं ऊन हिंदू कॉलनीवरही पडतं. दोन वस्त्यांत एका रस्त्याचं अंतर आहे. फरक शोधायचा तर तो वंशात, जनुकांत शोधावा लागतो. युरोपातही तेच. भूमध्य समुद्रातलं सार्डिनिया हे उन्हाचं बेट, तिथे एमएसचं प्रमाण जगातल्या सर्वांत जास्त प्रमाणांपैकी एक. स्कँडिनेव्हियाच्या अगदी उत्तरेला, जिथे हिवाळ्यात सूर्य दिसतही नाही, तिथल्या सामी लोकांमध्ये तो कमी. सामी लोक मासे भरपूर खातात, त्यातून ड जीवनसत्त्व मिळतं, असा खुलासा दिला जातो. तो खोटाही नसेल. सार्डिनियाला मात्र तो लागू पडत नाही.

दाव्याच्या बाजूने आणखी एक गोष्ट सांगितली जाते, ती परदेशी गेलेल्या आपल्या लोकांची. भारतीय उपखंडातून इंग्लंडला गेलेल्या मोठ्या माणसांमध्ये एमएस विरळाच होता. तिथे जन्मलेल्या त्यांच्या मुलांमध्ये मात्र त्याचं प्रमाण गोऱ्या मुलांच्या जवळ जाऊ लागलं, असं १९९० च्या सुमारास दिसलं. लंडन-लेस्टरमधल्या मराठी कुटुंबांनाही हे जवळून लागू आहे. पण त्या मुलाच्या आयुष्यात बदललं काय काय? ऊन बदललं, खाणं बदललं, वजन बदललं, आणि लहानपणी कोणते जंतुसंसर्ग कोणत्या वयात झाले तेही बदललं. या शेवटच्या मुद्द्याला २०२२ साली फार मोठं बळ मिळालं. ॲशेरिओ यांच्याच गटाने, त्याच अमेरिकी सैन्याच्या नमुन्यांतून दाखवलं, की एपस्टीन-बार विषाणूचा संसर्ग झाल्यावर एमएसचा धोका ३२ पट होतो. एमएस झालेल्या ८०१ जणांपैकी ८०० जणांमध्ये हा संसर्ग होऊन गेलेला होता. ड जीवनसत्त्वाच्या कोणत्याही आकड्यापुढे हा आकडा प्रचंड आहे. तरीही ‘विषाणूचं औषध घ्या, एमएस जाईल’ असं कोणी जबाबदार माणूस म्हणत नाही. बहुतेक प्रौढांना तो संसर्ग झालेलाच असतो आणि त्यांतल्या फार थोड्यांना एमएस होतो. शिवाय एकदा प्रतिकारयंत्रणा मायलिनवर उलटली, की तिला उलटवणारी ठिणगी नंतर विझवून आग विझतेच असं नाही. विषाणूच्या बाबतीत सगळ्यांना पटणारी ही गोष्ट ड जीवनसत्त्वाच्या बाबतीत का पटू नये?

आता दुसरी उडी. आजार झाल्यावर ड जीवनसत्त्व देऊन पाहण्याचं काम कोणी केलंच नाही, औषध कंपन्यांना स्वस्त गोळीत रस नाही, असं छातीठोकपणे सांगितलं जातं. हे धडधडीत असत्य आहे. नेदरलँड्सच्या पुढाकाराने झालेल्या सोलर चाचणीत इंटरफेरॉन हे एमएसवरचं औषध घेणाऱ्या रुग्णांना रोज १४,००७ युनिट दिले गेले. ४८ आठवड्यांनंतर चाचणीचं मुख्य उद्दिष्ट साधलं नाही. जर्मनीत दिवसाआड २०,४०० युनिट आणि ४०० युनिट यांची तुलना झाली. फरक पडला नाही. अमेरिकेत रोज ५,००० आणि ६०० युनिटची तुलना ९६ आठवडे चालली. अटॅकच्या प्रमाणात फरक नाही. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये तर पहिलाच झटका आलेल्या रुग्णांचे चार गट केले, एकाला निष्क्रिय गोळी आणि बाकीच्यांना रोज १,०००, ५,००० आणि १०,००० युनिट. मात्रा वाढवली म्हणून गुण वाढला, असं तिथेही दिसलं नाही. सोलर चाचणीत एमआरआयवरचे नवे डाग थोडे कमी दिसले होते, हे सांगितलंच पाहिजे. पण रुग्ण एमआरआयच्या फिल्मवर जगत नाही. त्याला चालायचं असतं, वाचायचं असतं.

मग २०२५ साली फ्रान्समधून एक वेगळी बातमी आली, आणि तेव्हापासून तीच सगळीकडे पुढे केली जाते आहे. निम शहरातले एरिक तुव्हनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिला झटका आल्याला नव्वद दिवसही न झालेले आणि दुसरा कोणताही उपचार सुरू न केलेले ३१६ रुग्ण निवडले. निम्म्यांना दर पंधरवड्याला एक लाख युनिट, निम्म्यांना निष्क्रिय औषध, असं दोन वर्षं चाललं. निष्क्रिय औषधाच्या गटात ७४.१ टक्के जणांमध्ये आजाराची नवी हालचाल दिसली, ड जीवनसत्त्वाच्या गटात ६०.३ टक्के जणांमध्ये. हा फरक खरा आहे. काळजीपूर्वक केलेल्या चाचणीतला आहे. ‘ड जीवनसत्त्वाचा काही उपयोग नाही’ असं ठामपणे म्हणणाऱ्यांनी तो मान्य करायला हवा, आणि मीही करतो.

पण ती चाचणी नीट वाचा. ‘हालचाल’ मोजली गेली ती प्रामुख्याने एमआरआयवर दिसणारी. प्रत्यक्ष अटॅक येण्याच्या प्रमाणात दोन गटांमध्ये ठळक फरक नव्हता. आणि ड जीवनसत्त्व घेऊनही दोन वर्षांत दर दहातल्या सहा जणांचा आजार पुढे सरकलाच. ज्या औषधाने दहातले सहा थांबत नाहीत, ते एकट्याने पुरेल असं म्हणणं हा त्या फ्रेंच संशोधकांवरही अन्याय आहे. त्यांनी तसं म्हटलेलं नाही. आता मात्रा पाहा. पंधरवड्याला एक लाख म्हणजे आठवड्याला पन्नास हजार. आपल्याकडे डी थ्रीची जी साठ हजारांची पुडी आठवड्याला एक घ्यायला सांगतात, तिच्यापेक्षा हे थोडं कमीच. मग याच चाचणीचा दाखला देऊन रोज एक पुडी घ्यायला सांगणारा माणूस आठपटींहून अधिक मात्रेची शिफारस करत असतो, आणि तिच्यामागे फ्रान्समधला काडीचाही पुरावा नसतो.

ही तिसरी उडी, आणि सर्वांत घातक. ब्राझीलमध्ये साओ पावलोचे न्यूरॉलॉजिस्ट सिसेरो गाली कोइंब्रा यांच्या नावाने ओळखली जाणारी एक पद्धत आहे. तीत रोज चाळीस हजार, साठ हजार, काही वेळा लाखाच्याही वर युनिट दिले जातात. तिचा आधार रुग्णांचे अनुभव आणि डॉक्टरांची निरीक्षणं हा आहे. तुलनागट ठेवून केलेल्या चाचण्यांनी ती सिद्ध झालेली नाही. त्या पद्धतीत दूध, दही, पनीर बंद करायला लावतात, रोज अडीच लिटरच्या वर पाणी प्यायला लावतात आणि रक्त-लघवीच्या तपासण्या वारंवार करायला लावतात. का? कारण एवढ्या ड जीवनसत्त्वाने आतडं कॅल्शियम ओढून घेत राहतं, रक्तातलं कॅल्शियम चढतं, मूत्रपिंडात साचतं, खडे होतात आणि पुढे मूत्रपिंडच निकामी होऊ शकतं. म्हणजे हा धोका त्या पद्धतीच्या जनकांनाही पुरता ठाऊक आहे. आपल्याकडे मात्र चित्रफितीतून फक्त मात्रा पोचते. पथ्य आणि तपासण्या वाटेतच गळून पडतात. मेडिकलमध्ये पुडी चिठ्ठीशिवाय मिळते, आणि दूध पौष्टिक म्हणून आई रात्री हळद घालून ग्लासभर देतच असते.

यातही एमएसच्या रुग्णाला एक जास्तीचा धोका आहे, आणि त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. रक्तातलं कॅल्शियम वाढलं की काय होतं? थकवा येतो, हातापायांतलं बळ जातं, बद्धकोष्ठ होतो, लघवीला सारखं जावं लागतं, डोकं जड आणि गोंधळल्यासारखं होतं. ही सगळी एमएसचीही लक्षणं आहेत. रुग्णाला वाटतं आजार वाढला. घरचे म्हणतात मात्रा कमी पडत असेल. आणि मात्रा वाढवली जाते. ड जीवनसत्त्व चरबीत साठून राहतं, त्यामुळे चूक कळून पुडी बंद केली तरी कॅल्शियम उतरायला आठवडे, कधी महिने लागतात. जर्मनीत ग्योटिंगेनच्या संशोधकांनी २०१९ साली उंदरांवर दाखवलं, की मध्यम मात्रेने एमएससारखा आजार थोडा सौम्य झाला, पण अतिमात्रेने कॅल्शियम वाढून मायलिनवर हल्ला करणाऱ्या पेशीच अधिक चेतल्या आणि आजार बळावला. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे खरं. पण ‘जास्त घेतल्याने नुकसान तर नाही ना?’ असं विचारणाऱ्या प्रत्येक आईला हे सांगायला हवं.

माझ्या मामेबहिणीला हा आजार आहे. निदान झालं तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. एका सल्लागाराच्या सांगण्यावरून तिने इंजेक्शनं बंद केली आणि पुड्यांवर भिस्त ठेवली. पहिले पाच-सहा महिने ती खरोखर बरी होती, आणि तेवढ्या काळात तिची हकिकतही दुसऱ्या कुणाला तरी सांगितली गेली असणार. मग दुसरा झटका आला आणि तिच्या उजव्या डोळ्याची दृष्टी पूर्णपणे परतली नाही. तिच्या एकटीच्या अनुभवावरून मी काही सिद्ध करत नाही. तसं करणं म्हणजे समोरच्याचीच चूक करणं. पण त्या पाच-सहा महिन्यांबद्दल बोललंच पाहिजे, कारण या सगळ्या दाव्याचा खरा पाया तेच आहेत.

साधारण ८५ टक्के रुग्णांमध्ये एमएस सुरुवातीला झटक्यांनी येतो. झटका येतो, काही आठवडे टिकतो, मग पुष्कळसा आपोआप ओसरतो, स्टिरॉइड दिलं तर लवकर ओसरतो. मधला काळ महिन्यांचा असतो, कधी वर्षांचा. माणूस नवा उपाय कधी सुरू करतो? सर्वांत वाईट अवस्थेत असतो तेव्हा. त्यानंतर काहीही केलं, ड जीवनसत्त्व घेतलं, अनवाणी गवतावर चाललं, नवस बोलला, तरी बहुतेकांना बरंच वाटणार असतं. व्हीलचेअरवरून उठलेल्या मुलीची गोष्ट खोटी नसते. ती पुडीमुळे उठली, एवढंच खोटं असतं. निष्क्रिय गोळी घेणारा गट चाचणीत लागतो तो यासाठीच. आणि तो शांत वाटणारा मधला काळ खरं तर शांत नसतो. बाहेर एक अटॅक दिसतो तेव्हा एमआरआयवर त्याच्या कितीतरी पट नवे डाग पडून गेलेले असतात. पहिल्या काही वर्षांत मेंदूचं जे जातं ते नंतर कुठल्याही औषधाने परत येत नाही. ‘सहा महिने ड करून पाहू, नाही जमलं तर इंजेक्शनं आहेतच’ असं म्हणणाऱ्याला वाटतं आपण काही गमावत नाही. तो नेमके तेच महिने गमावत असतो, ज्यांत औषध सर्वांत जास्त उपयोगी पडलं असतं.

याचा अर्थ ड जीवनसत्त्व घेऊच नये असा नाही. रक्तात कमी असेल तर एमएसच्या रुग्णाने ते जरूर भरून काढावं, आणि डॉक्टरांनीही ते विचारण्याची वाट न पाहता तपासावं. ज्याला वारंवार स्टिरॉइड घ्यावी लागतात, ज्याचं चालणं कमी झालं आहे, जो पडू शकतो, त्याची हाडं वाचवणं हे काही कमी महत्त्वाचं काम नाही. गरोदर स्त्रियांच्या बाबतीत तर मी आणखी पुढे जाऊन बोलेन. फिनलंडच्या अभ्यासात गरोदरपणात ज्या मातांच्या रक्तात ड जीवनसत्त्व फार कमी होतं, त्यांच्या मुलांना पुढे एमएस होण्याचा धोका जवळपास दुप्पट दिसला. स्वीडनमध्ये नवजात बाळांच्या रक्तावरून तसा संबंध सापडला नाही. पुरावा अजून पक्का नाही, पण गरोदरपणात ड जीवनसत्त्व देण्याला हाडांचं कारण आधीच पुरेसं आहे. सैनिकांच्या त्याच २००६ च्या अभ्यासातला एक धागाही आपल्यासाठी मोलाचा आहे: कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक सैनिकांमध्ये ड जीवनसत्त्व कमी असूनही त्याचा एमएसशी स्पष्ट संबंध दिसला नाही. त्यांची संख्या लहान होती, म्हणून शेवटचं काही म्हणता येत नाही. पण गोऱ्या लोकांवरचे आकडे उचलून सावळ्या कातडीवर जसेच्या तसे लावणाऱ्यांनी एवढं तरी वाचायला हवं. आणि उन्हाचा परिणाम फक्त ड जीवनसत्त्वातूनच होतो हेही ठरलेलं नाही. ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात ऊन आणि ड जीवनसत्त्व या दोघांचा संबंध स्वतंत्रपणे दिसला, आणि विस्कॉन्सिनमध्ये उंदरांना अतिनील किरण दिल्यावर आजार दबला तो रक्तातलं ड जीवनसत्त्व फारसं न वाढता. प्रश्न ऊन नावाच्या मोठ्या गोष्टीचा असेल, तर पुडीत ती सगळी मावत नाही.

तरीही लोक पुडीकडे का वळतात, हे मला कळतं. इंजेक्शनं महाग आहेत, आयुष्यभर घ्यायची आहेत, आणि त्यांच्या दुष्परिणामांची यादी वाचून कुणाचाही धीर सुटेल. साठ हजारांची पुडी काही रुपयांत मिळते. यातून येणाऱ्या रागाला मी चूक म्हणत नाही. पण तो राग चुकीच्या दिशेला गेला आहे. स्वीडनमध्ये २०० रुग्णांवर झालेल्या चाचणीत रिटुक्सिमॅब घेणाऱ्यांपैकी दोन वर्षांत फक्त ३ टक्क्यांना अटॅक आला. डायमिथाइल फ्युमरेट या दुसऱ्या सिद्ध औषधावर तो १६ टक्क्यांना आला. रिटुक्सिमॅब हे जुनं औषध आहे, मूळचं कॅन्सरचं, आणि त्याची भारतीय बनावटीची आवृत्ती २००७ पासून आपल्याकडे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली आपल्या आवश्यक औषधांच्या यादीत एमएससाठी ज्या तीन औषधांचा समावेश केला, त्यांत ग्लॅटिरामर आणि क्लॅड्रिबिन यांच्याबरोबर रिटुक्सिमॅबही आहे. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएसचा नावानिशी उल्लेख आहे. म्हणजे कायदा आहे, औषध आहे, ते देशातच तयार होतं आणि त्याचा पुरावाही आहे. सोलापूर, नांदेड, रत्नागिरीच्या रुग्णाला ते जिल्हा रुग्णालयात, ठरलेल्या दिवशी, खिशाला झळ न लागता मिळावं आणि वर्षातून एक एमआरआय व्हावा, यासाठी रुग्णांनी, नातेवाइकांनी आणि न्यूरॉलॉजिस्टांनी मिळून आरोग्य खात्याच्या दारात उभं राहायला हवं. चित्रफिती पुढे पाठवणाऱ्या हजारो मायाळू माणसांनी तेवढीच चिकाटी या मागणीत घातली, तर मी त्यांच्या बाजूला उभा राहीन. तोवर ज्या घरात एमएसचं नवं निदान झालं आहे, त्या घराला माझी कळकळीची विनंती आहे: डॉक्टरांनी सांगितलं असेल तर आठवड्याची पुडी जरूर घ्या, पण तिच्यासाठी इंजेक्शनाचा एकही दिवस चुकवू नका. आणि कोणी रोज साठ हजार घ्यायला सांगितलं, तर पहिली पुडी फोडण्याआधी आपल्या न्यूरॉलॉजिस्टला फोन करा.